सहा ठिपके

नरसिंहरावांच्या गॅरेजात एक नियम होता. तो कुठे लिहून लावलेला नव्हता, पण चामराजपेटेतल्या त्या बोळात गाडी घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांनासुद्धा तो ठाऊक झाला होता. बोल्ट जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने शेवटच्या जोरापर्यंत आवळून झाला, की त्याच्या डोक्यावर लाल ऑइलपेंटचा एक ठिपका द्यायचा. ठिपका नाही म्हणजे काम बाकी आहे. ठिपका आहे म्हणजे काम झालं, आता त्या बोल्टला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

हात का लावायचा नाही, तेही ते नीट समजावून सांगत. बोल्ट आवळला की तो केसभर लांबतो. लांबलेला बोल्ट परत आखडायला बघतो आणि त्या ओढीनेच दोन भाग एकमेकांना धरून राहतात. खात्रीसाठी म्हणून दुसऱ्याने येऊन पुन्हा आवळला, तर तो हद्दीबाहेर ताणला जातो आणि मग धरत नाही, तुटतो. वीस वर्षांपूर्वी प्राणेश कामाला नवा असताना त्याने असाच एक ठिपक्याचा बोल्ट भल्या हेतूने आवळून मानेत तोडला होता. नरसिंहरावांनी त्याला तो तुकडा महिनाभर खिशात बाळगायला लावला. त्यानंतर प्राणेशने ठिपक्यावर कधी पाना ठेवला नाही.

आता प्राणेश अडतीस वर्षांचा होता, त्याला दोन मुली होत्या, आणि गॅरेजातलं अर्ध्याहून जास्त काम तोच बघायचा. नरसिंहराव चौसष्टचे. पत्र्याच्या शेडमागेच त्यांचं घर होतं, मधल्या दारातून स्वयंपाकघरातलं बोलणं शेडमध्ये ऐकू येई आणि शेडमधलं स्वयंपाकघरात.

भाद्रपद संपता संपता उमाजी आपला पिकअप दुसऱ्या गाडीला बांधून ओढत घेऊन आला. लग्नामुंजींना खुर्च्या, शामियान्याचे खांब आणि मोठाली पातेली पोचवणं हा त्याचा धंदा. गाडी एकवीस वर्षांची. रेडिएटरमधलं पाणी कधी संपलं ते त्याला कळलं नव्हतं आणि चालत्या गाडीत इंजिनाने जागच्या जागी मान टाकली होती. नरसिंहरावांनी हेड उघडलं, बॅटरीच्या उजेडात आत पाहिलं आणि झाकण परत ठेवून दिलं. दोन पिस्टन सिलिंडरला चिकटून एकजीव झाले होते.

उमाजीने जुन्या गाड्या मोडणाऱ्याकडून त्याच बनावटीच्या, पण नंतरच्या सालातल्या गाडीचं इंजिन आणि त्याचा पाच गिअरचा बॉक्स आणला. जुना बॉक्स चार गिअरचा होता. नवा चार बोटं लांब निघाला, म्हणून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट कापून आखूड करून आणावा लागला, बॉक्सच्या आधाराच्या पट्टीला नवी भोकं पाडावी लागली. इंजिनाचा मागचा सील तेल गाळत होता. तो बदलायचा तर फ्लायव्हील काढायला हवं. इंजिनाच्या शेपटाला बसणारं हे जड लोखंडी चाक. त्याच्यावर क्लच चढतो आणि क्लचच्या मागे गिअरबॉक्स. सहा बोल्ट त्याला क्रँकशी, इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी, धरून ठेवतात. एकदा क्लच चढवला की ते सहा बोल्ट झाकले जातात आणि पुन्हा कोणाच्या नजरेस पडत नाहीत. काढलंच आहे तर तोंडही साफ करून घेऊ, असं म्हणून प्राणेश ते चाक लेथवर घेऊन गेला. परत आलं तेव्हा ते पूजेच्या ताटासारखं लखलखत होतं.

तोपर्यंत अष्टमीची संध्याकाळ झाली होती.

आयुधपूजेच्या आधीच्या आठवड्यात बंगळुरात गॅरेजवाल्याला जेवायला फुरसत नसते. ज्याला त्याला आपली गाडी नवमीला धुतलेली, चालती आणि झेंडूच्या माळेत हवी असते. नरसिंहरावांच्या घरात खंडेनवमीचं सगळं तुंगाबाईंच्या हाती. अष्टमीला दिवेलागणीच्या आत त्या शेडमधली झाडून सगळी हत्यारं गोळा करत, सोड्याच्या कढत पाण्यात उकळून घासत, कोरडी करून पाटावर मांडत. नवमीला पूजा. दशमीची संध्याकाळ होईपर्यंत पूजेतल्या हत्याराला कोणी हात लावायचा नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांनी हे एकदाही चुकवलेलं नव्हतं. कुंकूसुद्धा त्या बाजारचं वापरत नसत. हळदीत चुन्याची निवळी घालून, सावलीत सुकवून, वस्त्रगाळ करून घरी करत. बाजारच्या कुंकवात काय रंग घालतात कोण जाणे, असं त्यांचं म्हणणं.

त्या संध्याकाळी प्राणेशने इंजिन एका जुन्या टायरवर उभं केलं, फ्लायव्हील शेपटाला लावलं आणि सहाही बोल्ट आखूड पान्याने नुसते टेकेपर्यंत फिरवले. टॉर्क पाना घ्यायला वळला तेव्हा तुंगाबाई टोपली घेऊन उभ्या होत्या. पाटावर फक्त तेवढाच एक यायचा राहिला होता. त्याला सव्वासहाची चित्रदुर्गची बस गाठायची होती, सासुरवाडीला. त्याने पाना टोपलीत ठेवला. बोल्टांना ठिपके दिले नाहीत. अमुक राहिलंय असं सांगायची गॅरेजात पद्धतच नव्हती, ठिपका नसणं हेच सांगणं होतं.

नवमीला नरसिंहराव बाहेर बोळात उभे राहून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गाड्यांपुढे कोहळे फोडत होते. तुंगाबाईंनी आत हत्यारांची पूजा केली. दशमी झाली. एकादशीला प्राणेश यायचा होता, पण धाकटीला ताप भरल्याचा त्याचा निरोप आला. उमाजी सकाळी सातपासून शेडच्या दारात. दुसऱ्या दिवशी मल्लेश्वरमला दीडशे खुर्च्या टाकायच्या होत्या आणि भाड्याची गाडी मिळत नव्हती. नरसिंहराव स्वतःच कामाला लागले. टायरवरच्या इंजिनापुढे उकिडवे बसले, चष्मा कपाळावर होता तो तसाच राहिला, आणि त्यांनी फ्लायव्हीलकडे पाहिलं. सहा बोल्ट, सहा लाल ठिपके. प्राणेश जाता जाता काम संपवून गेला, शहाणा आहे, असं मनाशी म्हणत त्यांनी क्लच चढवला. उमाजीच्या मदतीने गिअरबॉक्स जोडला आणि संध्याकाळी इंजिन आणि बॉक्स दोन्ही एकत्र साखळीने उचलून गाडीत सोडलं. पहिल्याच चावीला इंजिन बोललं. उमाजीने त्यांच्या पायांना हात लावला.

प्राणेश द्वादशीला आला. गाडी गेलेली होती. अण्णांनी बोल्ट आवळून मगच क्लच चढवला असणार, याबद्दल त्याच्या मनात किंतु यायचं काही कारण नव्हतं.

त्यानंतर अकराव्या दिवशी, गुरुवारी, उमाजीचा फोन आला. गाडी उभी असताना खालून टकटक ऐकू येते, क्लच दाबला की थांबते. नरसिंहरावांनी विचार केला. क्लच दाबल्यावर जो आवाज थांबतो तो बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचा असतो, आणि हा बॉक्सही वापरलेलाच होता. सोमवारी घेऊन ये, ते म्हणाले, स्वल्प आवाज असू दे, तोवर चालव.

शनिवारी दुपारी भरलेली गाडी येलहंकाच्या वाटेवरच्या उड्डाणपुलाचा चढ चढत असताना सैल झालेल्या बोल्टांनी दम सोडला. फ्लायव्हील क्रँकवरून सुटलं, क्लचसकट गिअरबॉक्सच्या पुढच्या कवचावर आदळलं, आणि कवचाचे तुकडे गाडीचा तळ फाडून वर आले. उमाजीचा डावा पाय क्लचवर होता. गाडी कठड्याला घासत थांबली. मागे खुर्च्या एकात एक बसवून बांधलेल्या होत्या, त्यातली एकही पडली नाही.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

ठाण्यावर नरसिंहराव आणि प्राणेश एकाच बाकावर बसले. मोटार निरीक्षकाने लिहून दिलं होतं की बोल्ट पुरेसे आवळलेले नव्हते. कोणी आवळायचे होते, एवढाच प्रश्न उरला. प्राणेश म्हणाला, मी आवळले नाहीत, म्हणून ठिपके दिले नाहीत. नरसिंहराव म्हणाले, सहा ठिपके मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. फौजदाराने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि विचारलं, मग ते आकाशातून पडले का?

दोघं बोळात परत आले. शेडच्या दारात प्राणेश थांबला.

"अण्णा, वीस वर्षांत मी खोटा ठिपका दिलाय?"

"दिला नसतास तर मी क्लच चढवला असता?"

मधलं दार उघडं होतं. आत तुंगाबाई भाजी चिरत होत्या, त्यांची विळी थांबल्यासारखी नरसिंहरावांना वाटली, पण तेव्हा त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. प्राणेशने खुंटीवरचा शर्ट घेतला, कामाचे कपडे तिथेच सोडले आणि गेला.

दुसऱ्या दिवशी नरसिंहरावांनी लेखी जबाब दिला: फ्लायव्हील बसवण्याचं काम प्राणेशचं, ठिपके त्याने दिले, आपण त्यावर विसंबलो. त्यातलं एक अक्षरही त्यांना खोटं वाटत नव्हतं. प्राणेश दोन दिवस कोठडीत होता, मग जामिनावर सुटला. न आवळता ठिपका देणारा मेकॅनिक, ही गोष्ट चार दिवसांत सगळ्या गॅरेजांत पसरली. इतर कसलीही चूक लोक पोटात घालतात. ही घालत नाहीत. त्याला कोणी दारात उभं करेना. धाकट्या मुलीची शाळा बदलली, असं कानावर आलं. नरसिंहरावांना वाईट वाटत होतं, पण त्या वाईट वाटण्याच्या बुडाशी राग होता आणि रागामुळे त्यांना झोप लागत होती.

पौषात तपासणीची छायाचित्रं वगैरे आटोपली आणि गाडी उमाजीच्या भावाच्या ताब्यात मिळाली. ती आता भंगारातच जायची होती. निघतील ते भाग अण्णांनीच मोकळे करून द्यावेत असं त्याने सांगून पाठवलं. उमाजी स्वतः आला नाही.

नरसिंहरावांनी एकट्याने काम सुरू केलं. फाटलेल्या तळावर तपकिरी डाग होते, त्यांच्यावर त्यांनी पोतं टाकलं. फुटक्या कवचाच्या तळाशी काळ्या ग्रीसच्या चिखलात त्यांना एक बोल्टाचं डोकं सापडलं. मानेत तुटलेलं, फ्लायव्हीलच्या सहांपैकी एक. निरीक्षकाच्या नजरेतून ते निसटलं असावं. त्यांनी ते चिंधीने पुसलं. डोक्याच्या मधोमध, कारखान्याचा छाप असतो त्या खळगीत, लाल रंग होता.

हा घ्या पुरावा. अडीच महिने जे ते सांगत होते ते इथे तळहातावर होतं. उद्याच हे फौजदारापुढे ठेवायचं, असं ठरवून त्यांनी अंगठ्याने खळगीतली घाण आणखी थोडी साफ केली. लाल रंग अंगठ्याच्या नखात उतरला. ऑइलपेंट वाळल्यावर असा उतरत नाही, हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं. पण आनंदात माणसाला असलं काही सुचत नाही.

आतून जेवायची हाक आली. त्यांनी रॉकेलने हात धुतले, मग साबणाने. नखाच्या कडेला लाल रेघ राहिलीच. पानात वरणभात होता, डाळीची कोसंबरी होती आणि लिंबाची फोड. त्यांनी फोड भातावर पिळली. पिळताना रस अंगठ्यावरून ओघळला आणि नखातली लाल रेघ पिवळी झाली.

त्यांनी अंगठा उजेडात धरला. हळदीसारखा स्वच्छ पिवळा.

तुंगाबाई समोर बसून ताक घुसळत होत्या. नरसिंहराव जेवले. ताटातलं एक शीतही टाकलं नाही. मग लिंबाची उरलेली फोड मुठीत घेऊन शेडमध्ये आले. कपाटातल्या ऑइलपेंटचा ठिपका पत्र्यावर जुना होता, त्यावर लिंबू चोळलं. लालचा लाल राहिला. दुपारी तुंगाबाई देवळात गेल्यावर ते देवघरात गेले, करंडा उघडला, चिमूटभर कुंकू वाटीत घेऊन त्यावर दोन थेंब पाडले. पिवळं झालं. हळद आणि चुना. चुन्याने लाल होते, आंबटाने परत मूळची होते.

ते देवघराच्या उंबऱ्यावर बसून राहिले. आता सगळं दिसत होतं. टायरवर उभं केलेलं, ताटासारखं लखलखणारं चाक. गाडीच्या प्राणाला कुंकू लावल्याशिवाय तुंगाबाई राहणार नव्हत्या. पूजेतल्या बाकीच्या सगळ्या वस्तूंवर हळदही होती आणि अक्षताही होत्या, चाकावर तेवढं फक्त कुंकू. कारण काही वर्षांपूर्वी प्राणेशनेच त्यांना सांगितलं होतं की अक्का, उघड्या इंजिनावर काही भुरभुरू नका, आत जातं. म्हणून त्या खोबरेल तेलात अनामिका बुडवून, कुंकू कालवून, एकेक टिकली लावत. काळजीपूर्वक. मधोमध.

आणि आपण चष्मा कपाळावर ठेवून ते पाहिलं होतं.

पुढचे तीन दिवस ते गप्प होते. हे सांगितल्याशिवाय प्राणेशवरचा डाग जाणार नव्हता, आणि सांगितलं की तुंगाबाईंना कळणार होतं की उमाजीचा पाय आपल्या टिकल्यांनी गेला. त्या वर्षातून एकदा जे मनापासून करत आल्या ते हे होतं. हे कळल्यावर ही बाई देवापुढे हात कसा जोडील, असा विचार करून ते पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन थांबत. गुरुवारी ठाण्यावर शेवटच्या जबाबावर सही करायला बोलावलं होतं. त्यानंतर कागद कोर्टात जाणार.

बुधवारी दुपारी ते शेडमध्ये बाकावर नुसतेच बसले होते. तुंगाबाई मधल्या दारातून आल्या आणि उलट्या ठेवलेल्या ड्रमवर बसल्या. त्या तिथे कधी बसत नसत.

"करंड्यात आंबट हाताने कोणी चिमूट घेतली," त्या म्हणाल्या. "कडेला पिवळं झालंय."

नरसिंहरावांनी अंगठा मुठीत घेतला.

"सहाच होते," तुंगाबाई म्हणाल्या. "मी मोजून लावले होते."

बोळातून एक रिक्षा मागे येत होती. तिचा आवाज थांबल्यावर नरसिंहरावांनी विचारलं, तुला कधी कळलं. तुंगाबाईंनी सांगितलं, त्याच दिवशी. तुम्ही दोघं दारात भांडलात, ठिपके ठिपके म्हणालात, त्याच क्षणी. त्यांचा आवाज रोजचाच होता. त्या म्हणाल्या की त्यांनी तेव्हा उठून बाहेर यायचं ठरवलं होतं, विळी आडवी ठेवलीही होती. मग त्यांच्या मनात आलं, कुंकू होतं असं मी सांगितलं तर पुढे काय? बाई कुंकू लावते, तिला कोण काय म्हणणार. विचारणार ते तुम्हाला. कुंकू आणि रंग तुम्हाला ओळखता आला नाही का, पाना लावून का बघितला नाही, फोन आला तेव्हा गाडी थांबवायला का सांगितली नाही.

"तुम्ही चौसष्टचे. साखर आहे. आत दोन दिवस काढले नसते तुम्ही. तो तरणा आहे."

"त्याच्या मुली लहान आहेत, तुंगा."

"माहीत आहे." त्यांनी पदराने ड्रमवरची धूळ पुसली, आपण बसलेल्या जागेभोवतीची. "मोठीचं नाव मीच ठेवलंय."

नरसिंहरावांना राग यायला हवा होता. आला नाही. तीन दिवस ते तिला वाचवायला गप्प होते आणि ती अडीच महिने त्यांना वाचवायला गप्प होती, आणि दोघांच्या मधल्या त्या गप्प जागेत प्राणेश उभा होता. ते म्हणाले, मी उद्या सांगणार. तुंगाबाई म्हणाल्या, सरी, ठीक आहे. थोड्या वेळाने उठून आत गेल्या.

सकाळी तुंगाबाईंनी त्यांच्या पिशवीत डबा घातला, साखरेच्या गोळ्यांची पाकिटं घातली, एक धुतलेला सदरा आणि टॉवेल घातला. हे कशाला, असं नरसिंहरावांनी विचारलं नाही.

फौजदाराने सगळं ऐकून घेतलं. बोल्टाचं डोकं कागदाच्या कपट्यावर ठेवून त्याने फिरवून पाहिलं. लिंबाची गोष्ट सांगितली तेव्हा त्याला क्षणभर हसू आलं, पण माणूस वाईट नव्हता, त्याने ते आवरलं. मग त्याने समजावून सांगितलं. बोल्ट आवळलेले नव्हते, हे निरीक्षकाने लिहिलेलं कायम आहे. ज्याने आवळले नाहीत तो आहेच. आता ज्याने न बघता पुढचं काम केलं तोही कबूल करतो आहे. तर आपण एक नाव वाढवू.

"पण त्याने ठिपके दिले नव्हते," नरसिंहराव म्हणाले. "त्याचं काही चुकलेलं नाही."

"ते कोर्टात सांगा. ठिपक्यांचा कायदा नाही, अण्णा. तुमच्या गॅरेजात असेल."

त्याने कन्नडमध्ये दीड पान लिहिलं, वाचून दाखवलं आणि सही घेतली. कोठडीत कोणी घातलं नाही. वय बघून त्याने त्यांना घरी जायला सांगितलं, बोलावलं की यायचं. बोल्टाचं डोकं? त्याने परत केलं. तुम्ही स्वतः पुसलेलं आहे, म्हणाला, आता ते पुराव्यात धरता येत नाही.

पिशवी तशीच हातात घेऊन नरसिंहराव येलहंकाच्या बसमध्ये बसले. रेल्वेफाटकाच्या अलीकडे लॉऱ्यांच्या थांब्यावर प्राणेश पंक्चर काढतो, असं त्यांना कोणी तरी सांगितलं होतं. तो तिथे होता. एका लॉरीचं चाक आडवं पाडून त्याच्यावर उभा राहून पहारीने टायर सोडवत होता. अण्णांना बघून थांबला, पण चाकावरून उतरला नाही.

नरसिंहरावांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सापडलेलं डोकं, अंगठा, लिंबू. फौजदार काय म्हणाला तेही सांगितलं, की तुझं नाव निघालं नाही, माझं वाढलं. क्षमा मागायचे शब्द त्यांनी बसमध्ये जुळवले होते, ते त्यांना आठवले नाहीत. त्यांनी खिशातून बोल्टाचं डोकं काढून पुढे केलं.

प्राणेश खाली उतरला. हात पँटला पुसून त्याने ते घेतलं, उन्हात धरलं. खळगीत लालसर काही तरी अजून होतं. त्याने ते नखाने उकरलं नाही.

"तुम्ही पाना का नाही लावला अण्णा, हे मी विचारणार नाही," तो म्हणाला. "ठिपक्याला हात लावायचा नाही. मलाही तुम्हीच शिकवलंत."

नरसिंहरावांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

प्राणेशने लॉरीवाल्याला हाताने थांबायची खूण केली. त्याचा चेहरा या अडीच महिन्यांत आवळून आल्यासारखा झाला होता. काही वेळ तो हातातल्या तुकड्याकडेच बघत राहिला, आणि मग एकदम त्याच्या डोळ्यांत एक वेगळीच काळजी आली.

"अक्कांना सांगितलंत?"

नरसिंहरावांना हा प्रश्न येईल असं वाटलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं. टोपली, विळी, ड्रमवरची पुसलेली धूळ, तो तरणा आहे, सगळं त्यांच्या ओठांशी आलं.

"नाही," ते म्हणाले.

"सांगू नका," प्राणेश म्हणाला. "कळलं तर त्या जगायच्या नाहीत. मी काय, जामिनावर आहे. काम करतोय. कोर्टात लागली दोन-तीन वर्षं तर लागली. पण त्यांच्यापर्यंत जाऊ देऊ नका. पूजा म्हणजे त्यांचं... तुम्हाला माहीत आहे."

त्याने बोल्टाचं डोकं नरसिंहरावांच्या हातात परत दिलं, त्यांची बोटं त्यावर मिटवली आणि पहार उचलली. लॉरीवाला हाका मारत होता. टायर रिमपासून सुटताना कर्र असा आवाज झाला.

नरसिंहरावांनी तो तुकडा खिशात टाकला. पिशवीतला डबा तसाच होता. प्राणेशला तुंगाबाईंच्या हातचं चित्रान्न, लिंबाचा पिवळा भात, आवडायचं आणि डब्यात चित्रान्नच होतं. डबा तिथे ठेवून जावा की नाही, हे ठरवता न येऊन ते पिशवी छातीशी धरून बसच्या थांब्याकडे चालू लागले.